पंच्याहत्तरीची हाऊजी

पंच्याहत्तर वर्षांच्या वडिलांसाठी आपल्याकडे विधी तयार आहेत, खेळ मात्र तयार नाही. साठीला उग्ररथ शांत, सत्तरीला भीमरथी, पंच्याहत्तरीला ऐंद्री आणि पुढे सहस्रचंद्रदर्शन. या शेवटच्याचा हिशेब मोठा नेटका आहे. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त वेळ जातो, तेव्हा हजार पौर्णिमांना २९,५३१ दिवस लागतात; म्हणजे ऐंशी वर्षं आणि वर जवळजवळ दहा महिने. गुरुजी येतात, कलश मांडले जातात, औक्षण होतं, तीळगूळ घातलेलं दूध बाबा घोटभर पितात, दुपारी साग्रसंगीत जेवण होतं. आणि मग चार वाजतात. नागपूरहून आलेले काका, पुण्याहून आलेली लेक आणि जावई, नातवंडं, शेजारी, सगळे घरात आहेत. बाबा शाल पांघरून खुर्चीत बसलेत. येईल तो वाकून नमस्कार करतो आणि मोबाइलकडे वळतो. रात्रीच्या जेवणापर्यंतच्या या चार तासांबद्दल पोथीत एक अक्षर नाही.

हा लेख त्या चार तासांसाठी आहे. खेळ हाऊजीचाच, सगळ्यांना येणारा. फक्त तो बाबांच्या आयुष्यावर बेतायचा. कसा, ते पायरीपायरीने सांगतो. उदाहरणाला घर घेतलंय जबलपूरच्या घमापुरातलं. शहराच्या पूर्वेकडचा हा जुना, दाट वस्तीचा भाग. कांचघर, लालमाटी, सतपुला ही शेजारची नावं, आणि इथून रस्ता पुढे रांझी-खमरियाकडे, म्हणजे कारखान्यांकडे जातो. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. या भागात ज्यांची हयात गेली त्यांच्यातल्या पुष्कळांचा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालला. तर समजा, आपले बाबा १९५० चे, घरी मराठी बोलणारे, बाहेर हिंदीत वावरणारे, व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले. काय हवं विचारलं की ‘काही नको’ म्हणणारे.

आधी, हाऊजीच का, ते सांगायला हवं. वाढदिवसाचे बहुतेक खेळ वडीलधाऱ्यांची फार अडचण करतात. संगीत खुर्चीत गुडघे आड येतात. अंताक्षरीत चार तरबेज लोक सगळा वेळ खातात. डोळे बांधून नाकाला टिकली लावण्याचा प्रकार तर बघणाऱ्यांच्या करमणुकीचा, ज्याचे डोळे बांधले त्याच्या नव्हे. हाऊजीत बसून खेळता येतं, सात वर्षांचं पोर आणि ऐंशीची आत्या यांना सारखीच संधी असते, हुशारीचा काडीचा उपयोग नसतो. शिवाय जबलपूरसारख्या छावणीच्या शहराला हा खेळ परका नाही. ब्रिटिश फौजेत ‘हाउसी-हाउसी’ला परवानगी होती आणि छावण्या नि क्लबांमधून तो आपल्याकडे रुजला. महाराष्ट्रात आपण हाऊजी म्हणतो, घमापुरात शेजारी तंबोला म्हणतील. आकडा पुकारताना त्याला टोपणनाव लावायची खोडही फौजेतलीच: ८८ म्हणजे दोन जाड्या बायका, २२ म्हणजे दोन बदकं. इटलीतल्या नेपल्स शहरात तर ही गोष्ट पार टोकाला नेलेली आहे. तिथे नाताळात घरोघर तोंबोला खेळतात आणि एक ते नव्वद या प्रत्येक आकड्याला ठरलेला अर्थ असतो. २२ म्हणजे वेडा, ४७ म्हणजे मेलेला माणूस, ४८ म्हणजे बोलणारा मेलेला माणूस, ९० म्हणजे भीती. अख्ख्या गावाने मिळून नव्वद आकड्यांना अर्थ दिले; आपण तेच एका माणसापुरतं करायचं. निघालेला आकडा शक्यतो बाबांच्या आयुष्यातल्या कशाची तरी खूण असेल.

सगळी मेहनत इथे आहे, आणि ती वाढदिवसाच्या निदान महिनाभर आधी सुरू करावी लागते. एक वही घ्या, पानाला दहा ओळी, नऊ पानं. ओळींना १ ते ९० आकडे घाला. आता आकडे शोधायला लागा. बाबांना विचारायचं नाही. भावंडांना विचारायचं, आईला विचारायचं, घरातली कागदपत्रं उघडायची. शाळा सोडल्याचा दाखला, नेमणुकीचं पत्र, लग्नाची पत्रिका, जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा, स्कूटरचं आरसी बुक. नागपूरच्या काकांना एक फोन केला की पंधरा आकडे सहज सुटतात, त्यातले चार पुढे आई खोडून काढते.

वही भरताना लवकरच एक गोष्ट ध्यानात येते. १९५० साली जन्मलेल्या माणसाच्या बाबतीत ५० ते ९० हे आकडे आपोआप भरतात, कारण ती त्यांच्या आयुष्यातली सालं असतात: शाळा, मॅट्रिक, नोकरी, लग्न, मुलं, घराचा स्लॅब. ७२ ला फॅक्टरीत लागले, ७७ ला लग्न, ८३ ला शेजाऱ्यांच्या टीव्हीवर विश्वचषक. एक ते पंचवीस हेही अवघड नाहीत. तारखा आहेत, घरनंबर आहेत, चपलेचं माप आहे, आणि २००१ नंतरची सालं आहेत. कोरडा पट्टा असतो तो २६ ते ४९ चा. तिथे बाबांची सालं पोचत नाहीत. लग्नाच्या वेळचं वय २७, पहिल्या मुलाच्या वेळचं २९, तिशीत घेतलेली स्कूटर, एवढ्यावर गाडी अडते. मग दोनच वाटा उरतात, आजोबांचा काळ आणि शहराचा इतिहास. माझ्या मते वहीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच, कारण हे कुटुंब मुळात जबलपुरात आलंच का, या प्रश्नाचं उत्तर याच पट्ट्यात दडलेलं असतं. युद्धाच्या काळात कारखान्यांत माणसं हवी होती म्हणून कोणी आलं, कोणी रेल्वेच्या नोकरीने, कोणी कोर्टकचेरीच्या. नातवंडांना हे कोणी सांगितलेलं नसतं.

शहर खुणा देण्याच्या बाबतीत उदार आहे. ३९ घ्या: १९३९ च्या मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, सुभाषबाबू अध्यक्ष होते आणि तापाने फणफणलेले होते. ते बावन्नावं अधिवेशन म्हणून मिरवणुकीच्या रथाला बावन्न हत्ती जोडले, तेव्हा ५२ ची खूणही मिळाली. जबलपूरकर तर ५२ म्हटलं की बावन ताल आणि चौऱ्याऐंशी तलैया सांगतील. रानीताल, हनुमानताल, अधारताल ही नावं अजून आहेत, तळी सगळी उरलेली नाहीत. म्हणजे ८४ सुद्धा झाला. २३ ला झेंडा सत्याग्रह: १९२३ साली तो जबलपुरात सुरू झाला आणि तिथून नागपूरला जाऊन पेटला. नागपूरच्या काकांना आणि जबलपूरच्या बाबांना भांडायला याहून चांगला विषय मिळणार नाही. ७० ला रेल्वे: ७ मार्च १८७० ला मुंबईकडून आलेली आणि कलकत्त्याकडून आलेली लोहमार्गाची टोकं जबलपूरला जोडली गेली. २१ ला बरगी धरणाचे एकवीस दरवाजे. ५६ तर या घराच्या जिव्हाळ्याचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर त्याची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय मात्र जबलपूरला आलं. सख्खे भाऊ घर न बदलता वेगवेगळ्या राज्यांचे झाले. सहा वर्षांच्या मुलाला त्यातलं काय कळलं असेल, हे त्यालाच विचारायला हवं, आणि खेळात ते आपोआप विचारलं जातं.

एखादी खूण मुद्दाम फसवी ठेवा. भेडाघाटचं चौसष्ट योगिनी मंदिर म्हटलं की सगळे ६४ ओरडतील. पण त्या गोल ओवरीत योगिनींसाठी जागा आहेत ८१. तेव्हा ‘भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिरात देवळ्या किती?’ ही खूण ८१ ची. पहिल्यांदा सगळे आपटतात.

खुणेचं वाक्य बांधण्याचे काही नियम अनुभवाने ठरतात. आकडा वाक्याच्या अगदी शेवटी यावा, म्हणजे पुकारणाऱ्याच्या आधी खोलीतल्या कोणाला तरी तो ओरडता येईल. ‘बाबा फॅक्टरीत लागले ते साल एकोणीसशे…’ इथे थांबायचं. खूण एका दमात वाचून होईल एवढीच. खोलीत निदान दोघांना तिचं उत्तर ठाऊक असावं, नाहीतर ती खूण न राहता परीक्षा होते. पैशांचे आकडे जुने चालतात, पहिला पगार, पहिल्या स्कूटरची किंमत, आजचे नकोत. बँकेच्या पिनशी किंवा मोबाइलच्या पासवर्डशी जुळणारा एकही आकडा वहीत येऊ देऊ नका, कारण हा खेळ कोणीतरी चित्रित करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणारच. आणि दुखरे आकडे वगळा. गेलेल्या भावाचं साल, मोडलेल्या व्यवहाराचं साल. ते आकडे चकत्यांच्या पिशवीत राहतीलच, पण त्यांना खूण शहराची द्या. १९९७ च्या भूकंपाचं मात्र खुशाल घ्या. २२ मेची पहाट, चार वाजून गेलेले, सगळं जबलपूर रस्त्यावर. ज्या घरात जीवितहानी झाली नाही तिथे आज ती गोष्ट हसत सांगतात, कोण काय उचलून बाहेर पळालं ते. २२ ची खूण म्हणून ती उत्तम.

नव्वदपैकी तीसेक आकड्यांना अशा घरच्या खुणा मिळाल्या आणि वीस-पंचवीस शहराच्या मिळाल्या की पुष्कळ झालं. उरलेले नुसते पुकारायचे. नव्वदच्या नव्वद भरायचा हट्ट धरला तर खुणा ओढूनताणून होतात आणि खेळही रेंगाळतो.

आता तिकिटं. स्टेशनरीच्या दुकानात हाऊजीची पुस्तकं मिळतात, तीच आणा. पण तिकीट कसं बनतं हे माहीत असलं तर नातवंडांना एका संध्याकाळचा उद्योग मिळतो. तीन आडव्या ओळी, नऊ उभे रकाने, असे सत्तावीस चौकोन. प्रत्येक आडव्या ओळीत पाचच आकडे, म्हणजे तिकिटावर पंधरा. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असं करत शेवटच्यात ८० ते ९०. प्रत्येक रकान्यात निदान एक आकडा हवा आणि रकान्यातले आकडे वरून खाली चढत जायला हवेत. सहा तिकिटांची एक पट्टी असते आणि तिची खरी गंमत अशी की सहा गुणिले पंधरा म्हणजे नव्वद: पूर्ण पट्टीत प्रत्येक आकडा एकदा आणि एकदाच येतो. हाताने सहा तिकिटं अशी बनवून बघा. शेवटच्या तिकिटाशी येऊन हमखास अडकायला होतं आणि मागचं खोडावं लागतं. हे काम दहा-बारा वर्षांच्या मुलांना द्यावं, ती तासभर आवाज करत नाहीत.

आणि बाबांना कुठलं तिकीट? इथे मी माझं मत ठामपणे सांगतो: बाबांना तिकीट देऊच नका. त्यांना तक्ता द्या. मोठ्या कार्डशीटवर १ ते ९० आकडे ठळक लिहिलेले, हातात लाल स्केच पेन. पुकारलेला प्रत्येक आकडा ते तक्त्यावर खोडतील आणि कोणी ‘लाइन!’ म्हणून ओरडलं की ते तिकीट बाबांपुढे तपासणीला जाईल. बाबा पंच. त्यांनी मान हलवली तरच बक्षीस. तिकीट हातात दिलं की ते वीस खेळाडूंपैकी एक होतात, ऐकू आलं नाही की मागे पडतात, कोणीतरी नात शेजारी बसून ‘आबा, इथे, इथे’ करत त्यांच्या वतीने खेळते. तक्ता दिला की त्यांना वगळून एकही आकडा पुढे जाऊ शकत नाही. ज्याने पस्तीस-चाळीस वर्षं कारखान्यात माल तपासून पास-नापास केला, त्याला हे काम शिकवावं लागत नाही. पहिलं तिकीट ते चष्मा पुसून, ओळीवर बोट ठेवून तपासतात तेव्हाच कळतं.

पंचाचा आणखी एक अधिकार आहे: खूण चुकीची असेल तर ती दुरुस्त करण्याचा. पुकारणारा म्हणाला, ‘बाबांनी स्कूटर घेतली ते साल, एक्याऐंशी’ आणि बाबा म्हणाले, ‘एक्याऐंशी कुठलं, नंबर लावला एक्याऐंशीला, हातात आली पंच्याऐंशीला,’ तर चकतीवरचा आकडा बदलत नाही, ८१ च खोडला जातो. पण वहीत दुरुस्ती लिहायची आणि बाबांची त्यावर सही घ्यायची. खरं सांगायचं तर वहीत दोन-चार चुका मुद्दाम पेरून ठेवाव्यात. ‘काही नको’ म्हणणारा माणूस चूक ऐकल्यावर गप्प बसू शकत नाही.

पुकारायला आवाज मोठा आणि जीभ तिखट असलेलं कोणीतरी हवं. बहुतेक घरांत ही आत्या असते. जबलपूरच्या घरात तिला एक वेगळीच अडचण येते. नातवंडं घरात मराठी बोलतात, पण आकडे हिंदीत नाहीतर इंग्रजीत मोजतात. एकोणऐंशी म्हटलं की त्यांची पेन्सिल थांबते, उन्यासी म्हटलं की पुण्याच्या जावयाची थांबते. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता; पण हाऊजीच्या बैठकीत तसलाच मार्ग निमूट पत्करावा लागतो. आधी अंक सुटे म्हणा, मग आकडा: ‘सात नऊ, एकोणऐंशी.’ दोनदा म्हणा. उन्हाळ्यातला वाढदिवस असेल तर कूलरचा आवाज हा पुकारणाऱ्याचा मुख्य शत्रू. कूलर खोलीच्या एका टोकाला आणि बाबा, आत्या दुसऱ्या टोकाला. थंडीत हा प्रश्नच नाही, गच्चीवर उन्हात सतरंजी घाला आणि पाच वाजायच्या आत संपवा, जबलपूरचा गारठा अंधार पडला की एकदम उतरतो.

वेळेचं गणित थोडं समजून घेतलं तर खेळ हातातून निसटत नाही. समजा वीस तिकिटं खेळात आहेत. जल्दी फाइव्ह, म्हणजे कोणाच्याही तिकिटावरचे पहिले पाच आकडे, साधारण तेराव्या आकड्याच्या आसपास लागतो. त्यानंतर मोठी ओसाडी. पहिली कुठली तरी ओळ पूर्ण व्हायला अडतिसावा आकडा उजाडतो, चार कोपरे चाळिसाव्याच्या सुमारास, ठरावीक वरची किंवा खालची ओळ सत्तेचाळिसाव्याच्या. आणि फुल हाऊस, म्हणजे पूर्ण तिकीट, त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर आकड्यांनंतर. तिकिटं चाळीस केली तरी हे फुल हाऊस जेमतेम तीन आकडे अलीकडे येतं, बारा केली तर दोन आकडे पलीकडे जातं, तेव्हा माणसं कमी-जास्त झाली म्हणून काळजी करू नका. एका तिकिटाचं मात्र तसं नाही. एकट्याने एकच तिकीट घेऊन बसलं तर ते भरायला सरासरी पंच्याऐंशी आकडे लागतील. इतरांच्या गर्दीमुळेच खेळ लवकर संपतो.

या आकड्यांचा उपयोग असा. चौदा ते पस्तीस या टप्प्यात कोणालाच काही मिळत नाही आणि कंटाळा तिथेच शिरतो. म्हणून लांब गोष्टी तिथे सांगायच्या. पण चकत्या तर पिशवीतून येतील तशा येणार, कुठली खूण केव्हा निघेल हे आपल्या हातात नाही. मग उपाय एकच: प्रत्येक खूण वहीत दोन आकारांत लिहून ठेवायची, एक वाक्याची आणि पाच वाक्यांची. पंधरावा ते पस्तिसावा आकडा चालू असेल तर मोठी वाचा, बाबांना बोलू द्या, काकांना आडवं जाऊ द्या. गरम मंगोडे, म्हणजे मुगाच्या डाळीची भजी, आणि हिरवी चटणीही याच वेळी फिरवा. साठ आकडे उलटले की मात्र कोणाचं गोष्टीकडे लक्ष नसतं, प्रत्येकाला एक किंवा दोनच आकडे हवे असतात. तिथे धाकटं वाक्य, किंवा नुसता आकडा. सरासरी अर्ध्या मिनिटाला एक आकडा धरला आणि दहाएक गोष्टी लांबल्या तर सगळा खेळ तासाभरात बसतो.

७५ या आकड्याला वेगळा मान ठेवा. तो निघाला की खेळ थांबतो, आई ओवाळते, आणि बाबा हवं त्या एका खेळाडूला त्याच्या तिकिटावरचा कुठलाही एक आकडा फुकट खोडायची परवानगी देतात. कोणाला देतात यावरून पुढचे सहा महिने बोललं जाईल, ते गृहीत धरा. फुल हाऊसच्या आत ७५ निघण्याची शक्यता साधारण पाचात चार आहे. नाहीच निघाला तर शेवटी आईने तो पिशवीतून शोधून काढावा. यात फसवणूक काही नाही, घरचीच पिशवी आहे.

बक्षिसांत पैसे नकोत. मुलं रडतात आणि मोठी माणसं हिशेब करतात. त्यापेक्षा बाबांच्या कपाटाला हात घाला. सत्कारात मिळालेल्या, घडी न मोडलेल्या शाली, भेट आलेली पेनं, तीन-तीन टॉर्च, न उघडलेले रुमालांचे डबे. निवृत्त माणसाच्या कपाटात हा माल असतोच, आणि आई वर्षानुवर्षं तो बाहेर काढायची वाट बघत असते. फक्त कुठली वस्तू जाईल हे बाबांनी आदल्या दिवशी ठरवलेलं असावं. फुल हाऊसचं बक्षीस वेगळं: दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर कमानिया फाटकापर्यंत फेरी आणि खोव्याची जिलबी. ही काळपट, जाड, खव्याची जिलबी जबलपूरची खासियत. १८८९ साली हरप्रसाद बडकुल यांनी ती सुरू केली असं सांगतात. कमानिया फाटक स्वतः त्रिपुरी अधिवेशनाची आठवण म्हणून उभं आहे, तेव्हा ३९ ची खूण ज्याने आधी ओरडून सांगितली त्यालाही बरोबर घ्यायला हरकत नाही.

चुकीची आरोळी दिली तर रिवाजाप्रमाणे तिकीट बाद होतं. घरच्या खेळात इतकं कडक राहू नका. चुकलेल्याला एक उखाणा घ्यायला लावा. पुरुषांनाही. आईची आरोळी चुकली, आणि ती मुद्दाम चुकवण्याचा संभव मोठा आहे, तर जुन्या उखाण्यावर भागवू देऊ नका, इथलाच काहीतरी हवा: ‘भेडाघाटचे कडे उंच, नर्मदेची संथ धार, …रावांचं नाव घेते, पुढच्या आकड्याला व्हा तयार.’ यमक साधलं की पुरे.

हाऊजी पचली तर रात्रीच्या जेवणात एक छोटा खेळ जोडता येतो. छोट्या कागदांवर तीन गुणिले तीन चौकोन आखून त्यांत बाबांची नेहमीची वाक्यं लिहायची: ‘खोलीत कोणी नाही तर पंखा कशाला?’, ‘आमच्या वेळी’, ‘नळ नीट बंद केला का?’, ‘औषध झालं का माझं?’ जेवताना बाबा जे वाक्य बोलतील ते गुपचूप खोडायचं. गुपचूप फक्त दहा मिनिटं. त्याहून जास्त ताणलं तर एका माणसाच्या पाठीमागे वीस जण हसतायत असं होतं आणि ते बघवत नाही. दहा मिनिटांनी एक कागद बाबांच्या हातात द्या. मग खरी मजा येते, कारण आता कुठलं वाक्य बोलायचं आणि कुठलं गिळायचं हे तेच ठरवतात. कोणाला एकच चौकोन हवा आहे हे ताडून ते पंख्याकडे बघतात, श्वास घेतात आणि ‘भाजी छान झालीय’ म्हणतात.

फुल हाऊस झाल्यावर पिशवीत सोळा-सतरा चकत्या उरतात, त्यांच्या खुणा न वाचलेल्या. त्या लगेच वाचून संपवू नका, पिशवी बाबांजवळ ठेवा. पाहुणे दोन-तीन दिवस असतात, सकाळच्या चहाला ते एखादी काढतात. वही मात्र आत्याकडे जाऊ न देता घरातच ठेवा, सह्या केलेल्या दुरुस्त्यांसकट. आणि पुढच्या वर्षी आईच्या वाढदिवसाला हाच खेळ करायचा ठरला तर नवी वही आणा. हीच उलटी फिरवून चालणार नाही, कारण लग्नाचं साल सोडलं तर दोघांचे आकडे फारसे जुळत नाहीत, आणि जे जुळतात त्यांच्या गोष्टी वेगळ्या असतात.